बीएस-६ ट्रेलरचं अ‍ॅव्हरेज ३.१ वरून २.५ वर: भिवंडी–न्हावा शेवा फेरीत डिझेल जातंय कुठे?

माणकोली_नाका

घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) ४ बाय २, बीएस-६. मागे तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर, ४० फुटी डबा (कंटेनर). माणकोलीच्या गोदामातून माल भरून न्हावा शेवा, येताना बहुतेक रिकामा डबा. रस्ता खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा, कळंबोली, गव्हाण फाटा, करळ. जाऊन-येऊन १२० किलोमीटर धरा. भरलेली गाडी एकूण ४० टनांच्या आतबाहेर, रिकामी १५ टन.

अ‍ॅव्हरेज लीटरला ३.१ किलोमीटर होतं, दोन-अडीच महिन्यांत उतरत उतरत २.५ वर आलंय. रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, माल तोच. गॅरेजवाला म्हणतो सगळे इंजेक्टर काढून टेस्टिंगला पाठवू. धूर नाही, पिकअप बरा आहे, चेक लाइट नाही. रिजनचा (सायलेन्सरच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचा) दिवा मात्र वरचेवर लागतो आणि ड्रायव्हर तो कॅन्सल करतो.

इंजेक्टरला हात लावायच्या आधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने? शक्यतो आकड्यांसकट सांगा.

लिटर_मोजा

पहिला प्रश्न: २.५ हा आकडा आला कुठून? एकेका फेरीचं अ‍ॅव्हरेज काढत असाल तर ते सोडून द्या. फेरीला ४० ते ५० लीटर जातात आणि टाकी 'फुल्ल' म्हणताना चार-पाच लीटर इकडेतिकडे सहज होतात. म्हणजे दहा टक्क्यांची चूक तिथेच. टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत चालवा, मग तोच पंप, तोच नोझल, गाडी उभी करायची जागाही तीच. पहिल्या ऑटोकटला थांबायचं, वरून कोंबायचं नाही. ३०० लीटरच्या भरण्यात पाच लीटरची चूक दोन टक्क्यांच्या आत राहते.

किलोमीटर ओडोमीटरचे घेता की जीपीएसचे? ड्राइव्ह अ‍ॅक्सलला नवे टायर टाकले असतील तर चाकाचा घेर दोन-तीन टक्के वाढतो, ओडोमीटर तेवढा कमी दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज विनाकारण पडलेलं दिसतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मुख्य काम. स्कॅनर लावा किंवा कंपनीच्या टेलीमॅटिक्समध्ये बघा. ईसीयूकडे (इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे) एकूण किती डिझेल जळलं याचा आकडा असतो. दोन फुल्ल टाक्यांमधला हा फरक आणि पंपाच्या पावत्यांची बेरीज शेजारी ठेवा. दोन-तीन टक्के फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर डिझेल इंजिनात गेलेलंच नाही. टाकी, रिटर्न लाइन, पंपाचं माप आणि माणसं, या क्रमाने बघा. पंपावर ५ लीटरचं वैधमापनचा शिक्का असलेलं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. लाजू नका, मागा.

दोन्ही आकडे जुळले तरच पुढच्या चौकशीला अर्थ आहे. त्याच स्क्रीनवर आयडलचे (गाडी उभी, इंजिन चालू) तास आणि रिजन किती वेळा झालं हेही मिळतं, तेवढं उतरवून घ्या.

शीळफाटा_हिशोब

वरच्या उत्तराशी सहमत. पण आकडे येईपर्यंत कागदावर हिशोब मांडू, म्हणजे कशाचं वजन किती ते कळेल.

एक लीटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. चाकापर्यंत त्यातली साडेतीन पोचतात असं धरू. बाकीची सायलेन्सर, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या गोष्टींत जाते.

४० टनांची गाडी चांगल्या रेडियलवर लोळवायला वजनाच्या ०.७ टक्के जोर लागतो, म्हणजे २८० किलो. सपाट रस्त्यावर किलोमीटरला ०.७६ युनिट, सुमारे ०.२२ लीटर. हवेचा विरोध ताशी ४० ला किलोमीटरमागे ०.०४ लीटर, ७० ला ०.११. तुमच्या रस्त्यावर ७० कुठे मिळतो? तेव्हा कुणी केबिनवर पत्र्याचा डिफ्लेक्टर विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा. नाशिक हायवेच्या लाइनला त्याचा उपयोग आहे, इथे नाही.

आता खरी गोष्ट. ही गाडी ४० च्या वेगावरून थांबवली आणि परत ४० वर आणली की ०.६९ युनिट ब्रेकच्या ड्रममध्ये गेले. लीटरमध्ये ०.२. म्हणजे एक थांबा जवळपास एक किलोमीटर सपाट रस्त्याइतका पडतो. वेग निम्मा असेल तर खर्च चौथ्या हिश्शावर येतो: २० वरून थांबा घेतला तर ०.०५ लीटर. मुंब्रा बायपासवर रांगेत सरकताना ड्रायव्हर दोन गाड्यांमधली फट भरायला ३० पर्यंत पळवतो आणि लगेच ब्रेक मारतो. पुढे जाऊन मिळत काही नाही, प्रत्येक वेळी दहावा हिस्सा लीटर मात्र जातो.

आणि उभं राहणं. एवढं इंजिन आयडलला तासाला साधारण २ लीटर खातं, एसी लावला तर अडीचच्या आसपास.

तुमचा फरक बघा. १२० भागिले ३.१ म्हणजे ३८.७ लीटर. १२० भागिले २.५ म्हणजे ४८. फेरीला ९.३ लीटर जास्त. गेटवर किंवा सीएफएसच्या (कंटेनर यार्डच्या) रांगेत चार तास एसीसकट इंजिन चालू राहिलं तर हे डिझेल कुठे गेलं याचं उत्तर इंजिन न उघडता मिळालं. एकटं आयडलच असेल असं म्हणत नाही, पण सुरुवात तिथून करा. इंजेक्टर एवढे बिघडले असते की २० टक्के अ‍ॅव्हरेज पडावं, तर धूर, खडखड किंवा स्टार्टिंगला त्रास यातलं काहीतरी दिसलंच असतं.

माणकोली_नाका

आकडे आले.

ईसीयूचं डिझेल आणि पावत्या एक टक्क्याच्या फरकाने जुळतात. म्हणजे चोरी नाही.

आयडल इंजिनाच्या एकूण तासांपैकी ४६ टक्के. तीन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये ३१ होतं. रांगा वाढल्यात, शिवाय ड्रायव्हर एसी लावून झोपतो.

रिजन: सुरू झालेले बरेच, पूर्ण झालेले फार थोडे.

जाता जाता ऑइलची डिपस्टिक बघितली तर पातळी 'मॅक्स'च्या वर आहे. टॉपअप कुणी केलेलं नाही.

पाना_आणि_स्कॅनर

डिपस्टिक वर गेली हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि तुम्ही ते 'जाता जाता' लिहिलंय! गाडी पुढच्या लोडला पाठवू नका, आधी ऑइल बदला.

काय होतंय ते असं. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचते. लांबच्या लाइनला भार देऊन गाडी पळाली की सायलेन्सर गरम राहतो आणि काजळी आपोआप जळत जाते. रांगेत आयडलवर धूर थंड असतो, काजळी फक्त साचते. मग ईसीयू स्वतः रिजन सुरू करतो: जास्तीचं डिझेल घालून फिल्टरमध्ये ५५० ते ६०० अंश तापमान आणतो. बऱ्याच इंजिनांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा मारलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून रिंगांखालून ऑइलमध्ये उतरतं. रिजन पूर्ण झालं तर हे प्रमाण किरकोळ असतं. पण सुरू झालं, ड्रायव्हरने कॅन्सल केलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा कॅन्सल, असं चालू राहिलं की प्रत्येक वेळी फिल्टर तापवण्याचं डिझेल फुकट जातं, काजळी तशीच राहते आणि ऑइल पातळ होत जातं. पातळ ऑइल म्हणजे टर्बोचं बेअरिंग आणि क्रँकचे शेल गेले. इंजेक्टर टेस्टिंगचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

(ज्या गाड्यांत डिझेल मारायचा वेगळा इंजेक्टर सायलेन्सरवर असतो, तिथे ऑइल असं वाढत नाही. तुमच्याकडे वाढलंय, तेव्हा एक तर हेच, नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय. ऑइल बदलून, रिजन नीट पूर्ण करून पातळीवर लक्ष ठेवा. तरीही चढली तरच इंजेक्टर काढा.)

करायचं काय: ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल लो-अ‍ॅश, बीएस-६ ला चालणारं, सीके-४ किंवा कंपनी सांगेल ते. जुन्या गाडीसाठी आणलेला ड्रम वापरू नका, त्याची राख डीपीएफमध्ये बसते आणि राख रिजनने जळत नाही. मग उभ्या गाडीचं रिजन एकदा पूर्ण करा. २० ते ४० मिनिटं लागतात, दोन ते चार लीटर डिझेल जातं. जागा मोकळी हवी: सायलेन्सरच्या तोंडाशी वाळकं गवत, थर्माकोल, प्लास्टिकच्या शीट, ताडपत्री काही नको, गोदामाच्या शेडखाली तर मुळीच नाही.

पुढे नियम एकच. दिवा लागला आणि गाडी चालू असेल तर चालवत राहा, शक्य असेल तर खालच्या गिअरमध्ये आरपीएम थोडा वर ठेवून. कॅन्सलचं बटण फक्त पेट्रोल पंप, केमिकलचा प्लांट आणि पोर्टच्या आत सांगितलं असेल तिथे. दुर्लक्ष करत राहिलात तर एक दिवस गाडी पॉवर तोडेल आणि ती नेमकी मुंब्र्याच्या चढावर तोडते.

युरियाचाही ताळा बघा. डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) डिझेलच्या ३ ते ६ टक्के जायला हवं, म्हणजे तुमच्या फेरीला दीड ते तीन लीटर. सायलेन्सर थंड असताना एससीआर (युरियाने धूर साफ करणारी यंत्रणा) डोस मारतच नाही, त्यामुळे रांगेच्या दिवसांत कमी गेलं तर घाबरू नका. एकदम वाढलं तर गळती किंवा नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा). आणि सुट्ट्या कॅनमधलं घेत असाल तर रिफ्रॅक्टोमीटरने ३२.५ टक्के आहे का बघा. शेतीचा युरिया पाण्यात कालवून विकणारे आहेत. त्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, नोझलवर पांढरे खडे धरतात.

फाटा_टू_फाटा

एवढी भानगड कशाला, शेठ? मॅप मारून (ईसीयूचं प्रोग्रामिंग बदलून) घ्या. डीपीएफ, युरिया सगळं बंद, अ‍ॅव्हरेज पण वाढतं. आणि उताराला न्यूट्रल टाकायला सांगा, बघा किती फरक पडतो.

पाना_आणि_स्कॅनर

पहिलं: कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, वॉरंटी गेली आणि पासिंगला अडकलात तर मूळ भाग पुन्हा विकत घ्या. डीपीएफ म्हणजे नुसता डबा नाही, विकत घ्यायला गेलात की कळेल.

दुसरं, न्यूट्रल. कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ईसीयू डिझेल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला आयडलसाठी डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे उताराला न्यूट्रल टाकून डिझेल जास्त जातं, वर इंजिन ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही गेले. ४० टन घेऊन बायपास किंवा बोरघाट नुसत्या ड्रम ब्रेकवर उतरणारा माणूस स्वतःबरोबर समोरच्या कारवाल्यालाही नेतो.

हब_गरम

सगळे इंजिनाकडेच बघताहेत, ट्रेलर कुणी बघितला का? घोड्याला सर्व्हिसिंग मिळतं, ट्रेलर पासिंगपुरता आठवतो.

कळंबोलीला थांबाल तेव्हा तापमान मोजायची गन घेऊन प्रत्येक ड्रमवर मारा. थांबायच्या आधीचा किलोमीटरभर जोरात ब्रेक मारलेला नको. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्यात १०-१५ अंशांचा फरक चालतो. एखादा बाकीच्यांपेक्षा ४०-५० अंशांनी वर असेल तर तिथला लायनर घासतोय किंवा बेअरिंग जातंय. ब्रेक नुसता ५० किलोच्या जोराने घासत राहिला तरी किलोमीटरला ०.०४ लीटर, १२० किलोमीटरला जवळजवळ ५ लीटर. चालवताना हे कळत नाही, कारण घोडा ओढून नेतो.

कारणं नेहमीची: एस-कॅमचं (ब्रेकचे शू उघडणाऱ्या दांड्याचं) बुश सुकलंय म्हणून शू परत येत नाहीत, परतीची स्प्रिंग तुटली, स्लॅक अ‍ॅडजस्टर जास्त आवळला, किंवा पार्किंगची हवा पूर्ण भरत नाही म्हणून स्प्रिंग ब्रेक अर्धवट लागलेला. पावसाळ्यात पाणी आणि मातीने बुश पकडतात. तुमचं अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरलंय, ते याच्याशी जुळतं.

टायरची हवा सकाळी गार असताना, सगळ्या टायरांची. ट्रेलरच्या जोडचाकात आतल्या टायरकडे कुणी बघत नाही. तो २० पीएसआयने कमी असला की बाहेरचा भार उचलतो, आतला फरफटतो आणि दोन्ही लवकर जातात. किती हवा हे कंपनीच्या लोड चार्टवरून, पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नाही. हातोडीने ठोकून आवाजावर हवा ओळखणं म्हणजे टायर फुटलाय की नाही एवढंच कळतं.

शेवटी अ‍ॅक्सलची रेघ. किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळ्यापासून) ट्रेलरच्या पहिल्या अ‍ॅक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग पहिल्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, तिथे दीड मिलिमीटर. रेघ सुटली असेल तर ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालतो. टायरवर हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर तेच.

माणकोली_नाका

गन मारली. ट्रेलरच्या मधल्या अ‍ॅक्सलचा डावा १३८, बाकीचे ७० ते ८० च्या मध्ये. ड्रम उघडला, एस-कॅमचं बुश जाम आहे, लायनर एका बाजूने काचेसारखा झालाय. किंगपिनचं माप दोन मिलिमीटरच्या आत. ऑइल आज बदलतोय, रिजन उद्या सकाळी मोकळ्या प्लॉटवर.

दोन प्रश्न राहतात. आयडलचं काय करू? ड्रायव्हरला उन्हात बिनएसी झोप म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? आणि पुढची गाडी घेताना या फेरीला इलेक्ट्रिक चालेल का?

शीळफाटा_हिशोब

इलेक्ट्रिकचं आधी, कारण आकडे तयार आहेत. भरलेली गाडी साधारण १.२ युनिट किलोमीटरला, रिकामी ०.६ धरा. फेरीला ११० युनिटच्या आसपास. आज तुम्ही त्याच फेरीला ४८ लीटर, म्हणजे ४८० युनिट जाळताय. चौपटीहून जास्त. रांगेत उभं असताना मोटार काही खात नाही, फक्त एसी, आणि थांब्यांतली बरीच ऊर्जा बॅटरीत परत येते. गर्दीची, कमी पल्ल्याची, रोज त्याच दोन टोकांमधली फेरी ही इलेक्ट्रिकसाठी सगळ्यात सोयीची.

अडचण वेगळीकडे आहे. २८० युनिटची बॅटरी म्हणजे पावणेदोन-दोन टन वजन, त्यामुळे माल कमी. स्टीलसारखा वजनावर भरणारा माल असेल तर टोचतं, कापूस किंवा पॅकिंगचा असेल तर नाही. चार्जर गोदामात हवा आणि त्याच्यासाठी हाय टेन्शनचं कनेक्शन बहुतेकदा वेगळं घ्यावं लागतं. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकला अनुदान आहे, मात्र त्यासाठी जुनी गाडी भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. गोदाम भाड्याचं असेल आणि करार वर्षावर्षाचा असेल तर चार्जरचा खर्च कुणाचा, हे मालकाशी आधी बोला. हिशोब बहुतेकांचा तिथेच अडकतो, गाडीत नाही.

पाना_आणि_स्कॅनर

आयडलबद्दल. ड्रायव्हरला दटावून काही होणार नाही, आणि व्हायलाही नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन२ आणि एन३ (मध्यम आणि जड) ट्रकांना केबिन एसी सक्तीचाच आहे, तो लावायला दिलाय तर माणूस लावणारच. इंजिन बंद ठेवून एसी चालेल अशी सोय करा.

२४ व्होल्टचा पार्किंग एसी मिळतो, छतावर किंवा केबिनच्या मागच्या भिंतीवर बसतो. साधारण ३० अँपिअर ओढतो, म्हणजे ७०० वॉटच्या आसपास. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतील तर साडेतीन युनिट साठा. त्यातला निम्माच वापरायचा, नाहीतर बॅटऱ्या वर्षात जातात. म्हणजे अडीच तास. २३ व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होणारा कटऑफ असल्याशिवाय बसवू नका, गेटवर गाडी स्टार्ट झाली नाही तर मागची रांग शिव्या घालेल. वायर १६ स्क्वेअर मिलिमीटरपेक्षा बारीक नको, फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ. जास्त वेळ हवा असेल तर एसीसाठी वेगळा लिथियम पॅक, स्टार्टिंगच्या बॅटऱ्यांना हात न लावता.

ते अडीच तास आयडलवर काढले तर सहा लीटरच्या वर डिझेल जातं. बॅटरीतून काढले तर ती परत भरायला अल्टरनेटरचा आणि बॅटरीचा तोटा धरूनही लीटरभर पुरतं, आणि तेवढे अडीच तास डीपीएफमध्ये काजळी साचत नाही. पार्किंग प्लाझात गाडी लावल्यावर एक-दोन मिनिटं टर्बो थंड होऊ द्यायचा आणि किल्ली बंद.

बुश बदलताना त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंची बदला, आणि नवा लायनर एकाच बाजूला टाकू नका.